एका पायावरची शोकसभा

मी उभ्या गाडीवरून पडलो, हे आधीच कबूल करून टाकतो. कारण परतुरात या प्रसंगाच्या निदान सहा आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत उसाचा ट्रॅक्टर आहे. ट्रॅक्टर नव्हता. म्हैस नव्हती. खड्डासुद्धा, खरं सांगायचं तर, नावालाच होता. तहसीलच्या फाटकासमोर मी स्कूटी थांबवली, डावा पाय खाली टेकवला, निदान तो टेकला असं मला वाटलं, आणि त्यानंतर मी आणि गाडी असे दोघं अगदी सावकाश, कुणाला तसदी नको अशा बेतानं, डाव्या अंगावर आडवे झालो. ज्या फाटकातून मी एकतीस वर्षं आत गेलो आणि अव्वल कारकून म्हणून हार घालून बाहेर पडलो, तेच हे फाटक. स्टॅम्पवाले उठले, चहावाला उठला, माझ्या हाताखाली काम केलेले दोन शिपाई पळत आले, आणि त्यातला एक म्हणाला, "साहेब, पर गाडी तर बंद व्हती!" हे त्यानं एवढ्या मोठ्यानं म्हणायचं काही कारण नव्हतं.

लागलं काहीच नाही, कोपर थोडं खरचटलं. पण माझी बायको सुरेखा मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर पोरगेलाच होता. त्यानं साखर बघितली, कान बघितले, रक्तदाब बघितला, सगळं बरोबर निघालं. माझा चेहरा खुलतोय तोच तो म्हणाला, "काका, एका पायावर उभे राहा बरं." मी उभा राहिलो. त्यानं घड्याळात बघितलं. माझ्या हिशेबानं मी चार सेकंद उभा होतो, त्याच्या हिशेबानं दीड.

"वयानं तोल जातो हळूहळू," तो सुरेखाला म्हणाला. मला नाही, सुरेखाला. "निदान तीस सेकंद यायला पाहिजे. तोवर गाडी नको."

एवढं ऐकून सुरेखानं माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि स्वतःच्या मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. "तीस सेकंद उभं राहून दाखवा अन् घेऊन जा," म्हणाली.

आता रिटायर माणसाला गाडी म्हणजे काय, हे नोकरीतल्या माणसाला कळणार नाही. सकाळी स्टेशनवर पेपर, तिथून स्टँडवर चहा, तिथून बाजार समितीत भाव काय चाललेत ते बघायचं (माझ्याकडे विकायला काही नाही, पण माहिती असावी), आणि परत येताना तहसीलवरून एक चक्कर. ही चक्कर मारली की अजून आपल्यावाचून कुणाचंतरी अडतंय असं वाटायचं. ते सगळं बंद झालं. वर सुरेखानं, जिनं बावन्न वर्षं सायकललासुद्धा हात लावला नव्हता, आमच्या लेकीकडून, तृप्तीकडून, आठ दिवसांत स्कूटी शिकून घेतली आणि तृप्ती पुण्याला नोकरीवर परत गेल्यावर ती मला मागं बसवून गावातून नेऊ लागली. मी मांडीवर भाजीची पिशवी घेऊन मागं बसायचो. "काय भाऊ, मागची सीट बराबर हाय ना?" असं मला लोकांनी विचारायचं आणि मी हसायचं. असं दोन महिने चाललं.

या दोन महिन्यांत गल्लीनं मला सल्ले दिले. शेजारचे कारभारी सर म्हणाले, कानात लसणाचं कोमट तेल सोडा. त्यांची बायको म्हणाली, तेल नको, चप्पल बदला, डावी टाच झिजली आहे. समोरच्या मेडिकलवाल्यानं काहीच सांगितलं नाही, फक्त एक गोळ्यांची पट्टी दिली. कुणीतरी पहाटे ओल्या गवतावर चालायला सांगितलं. परतुरात मार्च महिन्यात ओलं गवत कुठं मिळतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कारभारी सरांची ओळख इथंच करून देतो. ते शाळेत मराठी शिकवायचे आणि आता शोकसभांत बोलतात. गावात माणूस गेला की आधी घरच्यांना कळतं, मग कारभारी सरांना, आणि मग बाकीच्यांना. माणूस कोणताही असो, सरांच्या भाषणानं त्याच्या घरच्यांनासुद्धा वाटतं की अरे, हा एवढा मोठा होता होय!

तर अशा दिवसांत मला दीपमाला मॅडम भेटल्या. दीपमाला ही आमच्या ऑफिसातल्या पुंजारामची मुलगी. लहानपणी डबा घेऊन ऑफिसात यायची. पुढं पुण्याला एका दवाखान्यात आठ वर्षं म्हाताऱ्या पेशंटांना व्यायाम शिकवायचं काम केलं, तिथंच हा चिनी व्यायाम शिकली आणि आता परतुरात येऊन क्लास काढलाय. ताई ची म्हणतात त्याला. या नावावरून जे जे विनोद सुचण्यासारखे आहेत, ते सगळे क्लासातल्या सात जणांनी पहिल्याच दिवशी करून संपवले आहेत, म्हणून इथं देत नाही.

"काका, तोलासाठीच असतंय हे," दीपमाला म्हणाली. "हळूहळू करायचं. घाई केली की संपलं."

मी एकतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. हळूहळू करण्यात मला कुणी काही शिकवावं असं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो. फक्त घरी काही सांगायचं नाही असं ठरवलं. एक दिवस सुरेखासमोर सहज एक पाय उचलायचा, तीस सेकंद उभं राहायचं, आणि हात पुढं करायचा, असं माझ्या डोक्यात होतं.

पण क्लासला जागा नव्हती. दीपमालाच्या अंगणात क्लास भरायचा, तिथं आता तिच्या भावानं, प्रितमनं, बांधकाम काढलं होतं. "दोन वर्षं झाली काका, सातच जण येतात," ती म्हणाली. "आता जागाबी गेली. पुढच्या महिन्यात बंद करून पुण्यालाच जावं म्हणते." आणि मी म्हणालो, "जागेचं माझ्यावर सोड." हे वाक्य मी नोकरीत असताना फार वेळा म्हणायचो. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच म्हणालो, आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू.

आमच्याकडे एका ट्रस्टचं सभागृह आहे, रस्त्यालगत, चांगलं ऐसपैस. तिथले मॅनेजर राधेश्यामजी. त्यांनी चष्मा लावून रजिस्टर उघडलं.

"कार्यक्रम कोणता?"

"व्यायाम."

"व्यायाम न्हाई हो यात. लग्न, साखरपुडा, बारसं, धार्मिक, राजकीय, शोकसभा. बस."

"इतर?"

"इतरला ट्रस्टींची मीटिंग लागते. मीटिंग दिवाळीनंतर." मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् व्यायाम कोणता म्हणता?"

"चिनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "भाऊ, हे तुम्ही मला सांगितलं न्हाई अन् मी ऐकलं न्हाई. चिनी म्हणल्यावर अध्यक्ष मला खुर्चीवरनं उठवतील."

दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. पण मी रजिस्टर माझ्याकडे ओढून घेतलं आणि एकेक रकाना वाचायला लागलो. लग्नाला डिपॉझिट. धार्मिकला कोणता धर्म ते लिहून द्यायचं. राजकीयला पोलिसांचा कागद. आणि शोकसभेपुढं लिहिलं होतं: विनामूल्य, अर्जाच्याच दिवशी मंजूर, सकाळी सात ते आठ; लाउडस्पीकर नाही, जेवण नाही, चपला बाहेर, शांतता राखावी. मी वाचत गेलो तसा मला आनंदच होत गेला. दीपमालाला नेमकं हेच पाहिजे होतं! कागदात बसवणं म्हणतात ते हे. मी अर्ज भरला, 'कार्यक्रमाचे स्वरूप' यासमोर सुवाच्य अक्षरात 'शोकसभा' लिहिलं, आणि राधेश्यामजींना म्हणालो, "जागा मिळाल्याशी मतलब. कागदावरचं कागदावर."

"कोणाची म्हणून लिहू?"

"ते लिहायचा रकाना कुठाय?"

रकाना नव्हता. राधेश्यामजी हसले आणि म्हणाले, "तुमी बाकी खरे अव्वल कारकून." हे ऐकल्यावर माझं डोकं जरा फिरलं असावं. कारण बाहेरच्या फळ्यावर रोजचा कार्यक्रम अर्जदाराच्या नावानिशी लिहितात असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी स्वतःहून म्हणालो, "नावापुढं निवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय, असं पूर्ण लिहा."

दीपमालाला यातलं मी काहीच सांगितलं नाही. तिनं सांगितलं तसे दुकानातून पांढरे ढगळे कपडे आणले आणि कपाटात जुन्या फायलींखाली लपवले. दीपमालाचा फोन आला की अंगणात जाऊन हळू आवाजात बोलू लागलो. सुरेखानं एकदा विचारलं, "कुणाचा फोन?" मी म्हणालो, "काही न्हाई गं, असाच." तिला संशय येऊ नये म्हणून त्या आठवड्यात मी तिच्याशी विशेष गोड वागलो. दोनदा भांडीसुद्धा घासली. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्यात नवरा उगाच गोड वागायला लागला की बाईला काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी फिरायला जातो म्हणून पिशवीत कपडे घालून निघालो. सभागृहात कपडे बदलले. पुढच्या बाजूला एक टेबल होतं, त्यावर पांढरा कपडा, एक रिकामी फोटोची चौकट, आणि उदबत्ती लावलेली. शोकसभा म्हणलं की हॉलच्या शिपायानं हे करायचं, ही तिथली पद्धत. फोटो लोक आणतात, त्यानं चौकट ठेवायची. दीपमालाला वाटलं मीच तिच्या क्लाससाठी उदबत्ती लावली. "किती छान काका!" म्हणाली. मी उदबत्ती जरा सरळ केली.

क्लास सुरू झाला. आम्ही आठ जण, सगळे पांढऱ्या कपड्यांत, टेबलाकडं तोंड करून दोन रांगांत. नवा म्हणून मला पुढं उभं केलं. माणसानं हात वर घ्यायला किती वेळ लावावा? मी आपला साधारण जेवणाला बसताना लागतो तेवढा वेळ लावला. दीपमाला म्हणाली, "काका, अजून हळू." मी अजून हळू घेतला. "अजून." हात डोळ्यांसमोर येईपर्यंत माझ्या मनात गेल्या पाच वर्षांतले सगळे तहसीलदार येऊन गेले. मग गुडघे वाकवायचे आणि हातांनी ढग बाजूला सारायचे. डावीकडचा ढग मी सारला. उजवीकडचा सारताना माझी मांडी थरथरायला लागली, आणि मागं चपला काढल्याचा आवाज आला.

मागं वळून बघायचं नाही अशी सूचना होती. पण आवाज वाढत गेला. चपला, खाकरणं, बायकांच्या बांगड्या, सतरंजीवर बसल्याची खसखस. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर तहसीलचे स्टॅम्पवाले, दोन तलाठी, चहावाला, मेडिकलवाला, माझ्या गल्लीतली चार घरं, आणि त्या दिवशी बाजार असल्यामुळं आष्टीकडनं आलेले काही शेतकरी, टोप्या हातात घेतलेले. चाळीस-पन्नास माणसं! कुणीच दुसऱ्याच्या कानात काही विचारत नव्हतं. अशा ठिकाणी कोण गेलं म्हणून विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं, आणि माहीत नसताना आलो हे त्याहून वाईट. प्रत्येकानं फळा वाचला होता, 'शोकसभा, अर्जदार श्री. धर्मराज बरकुले, निवृत्त अव्वल कारकून', आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना माहीत आहे.

दीपमालानं ही गर्दी बघितली आणि तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं पोरगी गावाच्या हाता-पाया पडत होती, या म्हणून. आज गाव आलं होतं. "या, या, सगळे उभे राहा," ती म्हणाली. "जसं आम्ही करून राह्यलो, तसंच करा. श्वास घ्या. हात वर." आणि पन्नास माणसं गंभीर चेहऱ्यानं उभी राहिली आणि त्यांनी हात वर केले. आजकाल काहीही निघतं, श्रद्धांजलीची ही नवी तऱ्हा असेल, असं त्यांना वाटलं असावं. आष्टीचा एक म्हातारा डोळे पुसत पुसत ढग बाजूला सारत होता. त्याच्याइतके संथ हात आमच्या क्लासात कुणाचेच नव्हते.

आता मला सगळं कळलं होतं, आणि मी गप्प होतो. याचा मला आजही पस्तावा आहे. एक वाक्य बोललो असतो तर संपलं असतं. पण ते वाक्य 'मी खोटा अर्ज भरला' असं होतं आणि मागं अख्खं तहसील उभं होतं. मी स्वतःला समजावलं की आठला सभा संपेल, लोक हात जोडून जातील, कुणाला काही कळणार नाही.

आणि मला न दिसणारी एक गोष्ट तेव्हा बाहेर चालली होती. ती मला नंतर कळली. दूध घेऊन जाणारे कारभारी सर फळ्यासमोर थांबले. शोकसभा आहे आणि आपल्याला बोलावणं नाही, याचं त्यांना आधी वाईट वाटलं. मग त्यांनी दारातून आत बघितलं. धर्मराज पांढऱ्या कपड्यांत, बोडक्या डोक्यानं, सगळ्यांत पुढं. म्हणजे जवळचंच कुणीतरी. पण सुरेखावहिनी नाहीत! म्हणजे वहिनींच्याच माहेरचं, आणि वहिनींना अजून सांगितलेलं नाही. सरांचं हे गणित कुठं चुकलं, हे मला आजही दाखवता येत नाही. माझे सासरे, वाटूरचे मामा, ऐंशी वर्षांचे, गेल्या दिवाळीत आठ दिवस दवाखान्यात राहून आले होते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

सरांनी सुरेखाला फोन लावला.

"वहिनी, तुमी अजून घरीच?"

"हो. कामून?"

"न्हाई, काही न्हाई. सहज." मग जरा थांबून ते म्हणाले, "वहिनी, तुमी अगोदर दोन घास खाऊन घ्या. मंग या हॉलवर. जल्दी न्हाई."

आमच्याकडच्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. माहेरचं कुणी गेलं की तिला कुणी गेलं म्हणून सांगत नाही. तब्येत जरा बरी नाही म्हणतात, आणि आधी खाऊन घे म्हणतात. सुरेखाच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तिनं वाटूरला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. मग तिला माझे अंगणातले फोन आठवले. माझं गोड वागणं आठवलं. घासलेली भांडी आठवली. कपाट उघडून तिनं बघितलं तर फायलींखाली नव्या पांढऱ्या कपड्यांची रिकामी पिशवी होती.

इकडं हॉलमध्ये दीपमाला म्हणाली, "आता शेवटचं आसन, सोनेरी कोंबडा. एका पायावर. आजच आलेल्यांनी नाही केलं तरी चालेल." हे माझ्याकडं बघून म्हणाली असं मला वाटलं, म्हणून मी सगळ्यांच्या आधी डावा पाय उचलला. आणि त्याच क्षणी कारभारी सर दुधाची बरणी टेबलाखाली ठेवून उदबत्तीशेजारी उभे राहिले. त्यांना राहवलं नव्हतं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल मी काय बोलू? ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायची गरज न्हाई, अन् ज्यांनी पाहिलं न्हाई त्यांना सांगून कळणार न्हाई." त्यांनी पाहिलेलं नव्हतंच. त्यांना नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण लोकांनी माना हलवल्या. "असं माणूस एखादंच. दिलेला शब्द पाळणारं. कुणाचं वाईट न चिंतणारं. अरे, दुःख काय असतं ते बघायचं असंल तर इथं बघा, या धर्मराजभाऊंकडं! या वयात, डॉक्टरनं मना केलेलं असताना, हा माणूस एका पायावर उभा हाय!"

पन्नास माणसांनी माझ्या पायाकडं बघितलं. कुणीतरी हुंदका दिला. दीपमालाचं तोंड उघडं राहिलं होतं. मी म्हणालो, "सर, अहो..." पण सर बोलताना कुणाचं ऐकत नसतात.

"आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू," सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आता सांगा, मी काय करायचं? पाय खाली घ्यावा तर स्तब्धतेत हालल्यासारखं होतं. मी तसाच राहिलो. आणि आश्चर्य म्हणजे, राहिलो! मांडी थरथरत होती, घोटा डावीकडं उजवीकडं डुलत होता, पण मी उभा होतो. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दहा सेकंद झाली. पंधरा झाली. माझा माझ्यावरच विश्वास बसेना. एकोणीस. वीस. किल्ली मला दिसायला लागली, काळ्या दोऱ्यातली. आता अजून दहाच सेकंद, आणि साक्षीला अख्खं परतूर!

बाविसाव्या सेकंदाला बाजूच्या दारातून सुरेखा आत आली.

केस सुटलेले, पायात चप्पल नाही, हाताला पीठ तसंच. तिनं आधी टेबलाकडं बघितलं. फोटो शोधला. चौकट रिकामी होती. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिला तीस वर्षं बघतोय. पोरीच्या आजारपणात बघितलंय, माझी आई गेली तेव्हा बघितलंय. असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. तिचे ओठ हालत होते, आवाज येत नव्हता. 'दादा' म्हणत होती. ती वडलांना दादा म्हणते.

चोविसाव्या सेकंदाला मी पाय खाली टेकवला आणि ओरडलो, "सुरेखा! कुणी गेलं न्हाई! मामा बरे हायेत! आगं, कुणीच गेलं न्हाई, मी खोटा अर्ज भरला!"

पुढचं सविस्तर सांगत नाही. कारभारी सर "म्हणजे?" एवढंच तीन वेळा म्हणाले. तलाठी हसायला लागले, मग सगळेच. आष्टीचा म्हातारा तेवढा रागावला, म्हणाला, "मंग मी रडलो कुणासाठी?" राधेश्यामजींनी धावत जाऊन फळा पुसला. दीपमाला रडवेली होऊन खाली बसली होती, तर मेडिकलवाला तिला विचारत होता, "मॅडम, ते हात वर करायचं रोज असतंय का? माझा खांदा मोकळा झाला एकदम." मला यातलं काही धड दिसत नव्हतं, कारण सुरेखा दोन्ही हातांनी माझ्या छातीवर मारत होती. पांढऱ्या सदऱ्यावर पिठाचे हात उमटत होते, आणि ती म्हणत होती, "मेले न्हाईत ना? खरं सांगा. मला फसवू नका. मेले न्हाईत ना?"

"न्हाई गं. देवाशपथ."

"मला वाटूरला न्या. मला डोळ्यांनी बघायचंय."

बाहेर स्कूटी रस्त्यात आडवी पडलेली होती. सुरेखानं ती स्टँडवर लावलीच नव्हती. किल्ली तशीच गाडीला होती, काळा दोरा लोंबत होता. तिनं ती उपसली आणि दोऱ्यासकट माझ्या हातात कोंबली.

"माझे तीस सेकंद झाले न्हाईत," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"गप गाडी काढा."

मी गाडी काढली. वाटूरपर्यंत तिनं एका हातानं माझा खांदा आणि एका हातानं सदरा धरून ठेवला होता. मी भीतभीतच चालवत होतो. मागून ती दर फर्लांगाला म्हणत होती, "जरा जल्दी घ्या की." एका वळणावर तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकवलं आणि तिचं रडणं मला सदऱ्यातून ओलं लागलं. मी मनातल्या मनात स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहिता येणार नाहीत. घरातल्या माणसापासून लपवून मोठेपणा मिळवायची हौस मला कशाला आली होती, कोण जाणे!

मामा ओट्यावर बसून चहात खारी बुडवून खात होते. त्यांचा फोन चार्जिंगला आत लावलेला होता आणि त्यांना तसंही ऐकू येत नाही. सुरेखा धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. चहा सांडला. मामांनी तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. माझे पांढरे कपडे बघितले, तिचं रडणं बघितलं, आणि एकदम पडेल आवाजात विचारलं, "जावईबापू, कोण गेलं?"

त्यांना सगळं समजावून सांगायला तास गेला. कळल्यावर ते इतके हसले की ठसका लागून सुरेखाला परत भीती वाटली. मग त्यांनी जेवून जायचा आग्रह केला, ती जेवली, नीट जेवली, आणि ऊन कलल्यावर आम्ही निघालो. मी गाडीला किल्ली लावणार तोच सुरेखानं हात पुढं केला.

"किल्ली."

"आता येताना तर मीच..."

"ते येताना. तीस सेकंद ठरले व्हते. किती झाले?"

"चोवीस."

"मंग?"

मामा बघत होते, मेव्हणा बघत होता, मेव्हण्याची बायको पदराआड हसत होती. सासुरवाडीच्या अंगणात जावयानं एका पायावर उभं राहायचं, ही माझ्या अब्रूची शेवटची पायरी होती. मी डावा पाय उचलला. दुसऱ्याच सेकंदाला डुललो, आणि सुरेखानं पटकन माझा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. मग तिनं आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार मोजले, आणि पुढं ती अशी भराभरा मोजत सुटली की तिचे तीस झाले तेव्हा घड्याळात बारा सेकंदसुद्धा झाले नसतील. मी एकतीस वर्षं सरकारी हिशेब तपासलेत. चूक माझ्या लगेच लक्षात आली. मी काहीही न बोलता किल्ली घेतली.